माशांच्या अंगी साचणारा पारा व कन्हानकाठची गावे

नागपूर जिल्ह्यात कन्हान, पेंच व कोलार या नद्यांच्या काठी, तसेच जुन्या मालगुजारी तलावांच्या आश्रयाने ढिवर, भोई व इतर मच्छीमार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आली आहेत. गोड्या पाण्यातील मासा हे या भागातील स्वस्त व पौष्टिक अन्न होय. बाजारात विक्री झाल्यावर उरलेली मासळी त्याच कुटुंबांच्या घरी शिजते. म्हणून शहरातील गिऱ्हाइकापेक्षा मच्छीमाराच्या घरातील माणसांच्या, विशेषतः त्यांतील स्त्रियांच्या व मुलांच्या आहारात मासा अधिक असतो. हे अन्न निर्धोक राहणे त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

नदीचे पाणी डोळ्यांना निवळ दिसते. कित्येकदा प्रयोगशाळेच्या तपासणीतही ते पिण्यास योग्य ठरते. तथापि त्याच पाण्यात काही वर्षे वाढलेल्या मोठ्या माशाच्या मांसात पारा हा विषारी धातू अपायकारक प्रमाणात साचलेला असू शकतो. पाणी चांगले आणि मासा वाईट, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. त्यामागील कारण समजले म्हणजे कोणता मासा खावा, कोणता टाळावा आणि तपासणी कशाची करून घ्यावी हे ठरविणे सोपे जाते. या लेखात तेच क्रमाने सांगितले आहे.

पारा येतो कोठून?

पारा हा पृथ्वीच्या पोटातील धातू आहे. खडकांत, मातीत व दगडी कोळशात तो अत्यल्प प्रमाणात असतो. एक टन कोळशात त्याचे प्रमाण सामान्यतः ग्रॅमच्या काही दशांश भागाइतकेच भरते. एवढ्याशा पाऱ्याने काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु जळणाऱ्या कोळशाचा हिशेब केला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. एक हजार मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र पूर्ण भाराने चालल्यास दिवसाला सुमारे १५,००० टन कोळसा लागतो. दर टनास ०.२ ग्रॅम पारा धरला तरी दिवसाला ३ किलो पारा भट्टीत जातो.

भट्टीतील प्रखर उष्णतेने पाऱ्याची वाफ होते. तिचा मोठा भाग धुराड्यातून हवेत जातो. त्यांपैकी काही भाग फार दूरवर वाहून जातो, तर काही भाग धुळीबरोबर व पावसाबरोबर आसपासच्या प्रदेशात उतरतो. उरलेला पारा राखेच्या बारीक कणांना चिकटतो आणि धूर गाळणाऱ्या विद्युत यंत्रणेत राखेबरोबर पकडला जातो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, म्हणजे शंभर भागांत साधारण ३० ते ४५ भाग असते. ही राख पाण्यात कालवून नळांवाटे राखेच्या तलावात सोडण्याची पद्धत अनेक केंद्रांवर आहे. अशा तलावातून पाणी पाझरले, ओसंडले अथवा त्याचा बांध फुटला, तर राखेतील पारा, आर्सेनिक, शिसे इत्यादी पदार्थ नाल्यांवाटे नदीस मिळतात.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने औष्णिक केंद्रांच्या धुरातील पाऱ्यास दर घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम अशी मर्यादा घालून दिली. पाऱ्याच्या वापरावर व उत्सर्जनावर नियंत्रण आणणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये जपानात झाला. मिनामाता या गावाच्या नावाने तो ओळखला जातो. भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. या गावाचे नाव करारास का दिले गेले, ते पुढे येईलच.

कन्हानच्या खोऱ्याची स्थिती

कन्हान नदी सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावून नागपूर जिल्ह्यात येते. बीना संगमाच्या परिसरात पेंच व कोलार या नद्या तिला मिळतात. तेथून ती कामठीजवळून पुढे जाते. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदीही खाली तिलाच मिळते. अखेर आंभोऱ्याजवळ कन्हान वैनगंगेत विलीन होते. हा संगम गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या प्रदेशात येतो. म्हणजे नागपूरच्या आसपास नदीत जे काही मिसळते, ते खाली भंडारा जिल्ह्यापर्यंतच्या मच्छीमारांच्या जाळ्याशी संबंध ठेवून असते.

कोराडी व खापरखेडा ही दोन मोठी औष्णिक वीजकेंद्रे याच खोऱ्यात आहेत. कोराडी येथे १९७४ पासून वीजनिर्मिती होत आहे. या केंद्रांच्या राखेसाठी परिसरात विस्तीर्ण राखतलाव बांधण्यात आले. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या काळात खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नाल्यांत शिरून नदीकडे गेले. त्यापूर्वी २०२१ मध्ये काही स्वयंसेवी संस्थांनी या दोन केंद्रांच्या परिसरातील पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही ठिकाणच्या नमुन्यांत पारा, आर्सेनिक यांसह अनेक धातू ठरीव मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याची नोंद त्यात आहे.

यावरून कन्हानचा प्रत्येक मासा विषारी आहे, असा अर्थ मुळीच काढू नये. माशात पारा किती आहे हे मासा तपासूनच ठरते. परंतु पारा पाण्यात येण्याचे मार्ग ज्या खोऱ्यात आहेत, तेथे मासे खाणाऱ्याने व मासे विकणाऱ्याने सावध राहणे शहाणपणाचे ठरते.

गाळात होणारा बदल

पाण्यात आलेला पारा बहुतांशी मातीच्या व राखेच्या कणांना चिकटून तळाशी बसतो. या स्वरूपातील पारा माशांच्या अंगात फारसा शिरत नाही. खरा धोका त्यानंतर सुरू होतो.

नदीच्या डोहात, तलावाच्या तळाशी व संथ पाण्यात जेथे प्राणवायू कमी असतो, तेथील गाळात विशिष्ट जातींचे सूक्ष्म जंतू राहतात. पाण्यातील गंधकयुक्त क्षारांवर ते आपली उपजीविका करतात आणि तसे करीत असता पाऱ्याचे रूपांतर मिथिल पारा नावाच्या सेंद्रिय संयुगात करतात. हा मिथिल पारा सजीवांच्या शरीरात सहज शिरतो, तेथील प्रथिनांशी घट्ट बांधला जातो आणि फार सावकाश बाहेर पडतो.

ज्या पाण्यात सांडपाण्याचा मैला, सडणारा पाला व शेवाळ अधिक, त्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू लवकर संपतो. तेथे जंतूंचे हे कार्य जोमाने चालते. नवीन धरणाखाली बुडालेल्या जमिनीतील झाडझाडोरा कुजू लागला म्हणजेही हेच घडते. कॅनडा व फिनलंड या देशांत नवीन जलाशय भरल्यानंतर तेथील माशांतील पारा वाढल्याचे आणि तो मूळ पातळीवर येण्यास दहा ते तीस वर्षे लागल्याचे दिसून आले आहे. म्हणून पाऱ्याचा विचार करताना कारखान्याच्या धुराड्याबरोबर गावाच्या व शहराच्या सांडपाण्याचाही विचार करावा लागतो. नदीत सोडलेला मैला स्वतः पारा आणीत नसला, तरी आलेल्या पाऱ्याला विषारी रूप देण्यास तो साहाय्य करतो.

लहानाकडून मोठ्याकडे

पाण्यातील जीवांची एक साखळी असते. पाण्यावर तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती हा तिचा पहिला दुवा होय. त्यांना सूक्ष्म प्राणी खातात. सूक्ष्म प्राण्यांना कीटकांच्या अळ्या, झिंगे व लहान मासे खातात. लहान माशांना मरळ, शिवडा, शिंगाळा यांसारखे शिकारी मासे खातात. शिकारी माशांना बगळा, पाणकावळा, पाणमांजर व मनुष्य खातो.

पाण्यातून सूक्ष्म वनस्पतींत जाताना मिथिल पाऱ्याचे प्रमाण एकदम हजारो पटींनी वाढते. त्यानंतर प्रत्येक दुव्यास ते आणखी काही पटींनी वाढत जाते. याचे कारण सोपे आहे. उसाचा रस काहिलीत आटविला म्हणजे पाणी वाफेने निघून जाते आणि साखर मागे राहते. रसात काही अशुद्ध द्रव्य असेल तर तेही गुळात दाटते. मासा जे अन्न खातो त्याचा बराचसा भाग हालचालीत व श्वसनात खर्ची पडतो, परंतु अन्नाबरोबर आलेला मिथिल पारा अंगातच राहतो. एक किलोची मरळ तयार होण्यास कित्येक किलो लहान मासे लागतात, आणि त्या सर्वांतील पाऱ्याचा मोठा भाग त्या एका मरळीत गोळा होतो.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, शिकारी माशात पारा अधिक व वनस्पती किंवा सूक्ष्म जीव खाणाऱ्या माशात कमी असतो. दुसरी, एकाच जातीत मोठ्या व वयस्कर माशात पारा अधिक व लहानात कमी असतो. तिसरी, वर्षभरात वाढवून काढलेल्या तळ्यातील माशास पारा साठविण्यास अवधीच थोडा मिळतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. राखेतून येणारे आर्सेनिक, शिसे यांसारखे पदार्थही माशांच्या अंगी लागतात. परंतु ते पाऱ्याप्रमाणे दुव्यागणिक वाढत जात नाहीत. ते विशेषतः कल्ले, यकृत, हाडे यांत आणि तळाच्या गाळात चरणाऱ्या जीवांत व शिंपल्यांत आढळतात. म्हणून मासा साफ करताना कल्ले व आतडी टाकून देणे हितावह असते. मिथिल पाऱ्याच्या बाबतीत मात्र हा उपाय चालत नाही, कारण तो मांसातच असतो. मासा धुण्याने, कातडी काढण्याने, तळण्याने, उकडण्याने किंवा सुकविण्याने तो निघून जात नाही.

पाण्याची तपासणी पुरेशी का नाही?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे पाऱ्याची मर्यादा दर लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. पाणी पिण्याच्या दृष्टीने ही मर्यादा योग्य आहे. परंतु माशांचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. साखळीच्या टोकाशी असलेल्या शिकारी माशात मिथिल पारा पाण्याच्या दहा लाख पट किंवा त्याहूनही अधिक साचू शकतो. समजा, पाण्यात मिथिल पारा पिण्याच्या मर्यादेच्या केवळ हजाराव्या भागाइतका आहे. दहा लाखांनी गुणल्यास अशा पाण्यातील शिकारी माशात दर किलोस १ मिलिग्रॅम पारा भरेल. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत माशांतील पाऱ्याची मर्यादा सामान्यतः दर किलोस ०.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाणी मर्यादेच्या कितीतरी आत राहूनही त्यातील मासा मर्यादेच्या दुप्पट भरू शकतो.

शिवाय पाणी वाहते असते. आज घेतलेला नमुना आजची स्थिती सांगतो. गेल्या पावसाळ्यात राख वाहून आली होती काय, हे तो सांगत नाही. मासा मात्र त्या पाण्यात दोन-तीन वर्षे राहिलेला असतो आणि त्या सर्व काळाचा हिशेब त्याच्या मांसात असतो. म्हणून “पाण्याचा अहवाल चांगला आला, तेव्हा मासे निर्धोक आहेत” असे अनुमान काढणे चुकीचे आहे.

मिनामाता येथील अनुभव

जपानच्या दक्षिण भागात मिनामाता हे समुद्रकाठचे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्यात १९३२ पासून पाऱ्याचा उपयोग केला जात असे, आणि कारखान्याचे सांडपाणी समुद्रात सोडले जात असे. १९५० नंतरच्या वर्षांत तेथील मांजरे वेड्यासारखी गरगर फिरून मरू लागली. त्यानंतर माणसांनाही विचित्र विकार जडू लागला. ओठ व बोटे बधिर होणे, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, दृष्टीचे क्षेत्र आकुंचित होणे, आणि अखेर झटके येऊन मृत्यू, अशी त्याची लक्षणे होती. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी या रोगाची नोंद शासनाकडे दिली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचे कारण सेंद्रिय पारा असल्याचे सांगितले. तरीही सांडपाणी सोडणे १९६८ पर्यंत थांबले नाही. पुढे दोन हजारांहून अधिक व्यक्तींना या रोगाचे रुग्ण म्हणून अधिकृत मान्यता मिळाली.

या घटनेतील सर्वांत दुःखद भाग मुलांचा होता. काही माता स्वतः जवळजवळ निरोगी होत्या. पण त्यांच्या पोटी जन्मलेली मुले मेंदूच्या गंभीर विकाराने ग्रासलेली होती. मातेच्या आहारातील मिथिल पारा वारेतून गर्भापर्यंत पोचतो आणि वाढत्या मेंदूस इजा करतो. मातेस लक्षणे नसणे हा बाळ सुरक्षित असल्याचा पुरावा ठरत नाही.

मिनामाताचा गाळ साफ करण्याचे काम १९७७ ते १९९० पर्यंत चालले. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या मुखाशी १९७४ मध्ये लावलेली जाळी १९९७ मध्ये काढण्यात आली. गाळात बसलेला पारा दूर करण्यास किती दीर्घ काळ व किती श्रम लागतात, हे यावरून कळून येते.

मिनामाता येथे कारखान्याचा पारा थेट समुद्रात जात होता आणि त्याचे प्रमाण फार मोठे होते. कन्हानच्या खोऱ्याची तुलना तिच्याशी करणे योग्य होणार नाही. परंतु गाळातून सूक्ष्म जीवांत, तेथून माशांत व माशांतून मातेमार्फत गर्भात जाण्याचा पाऱ्याचा मार्ग सर्वत्र एकच आहे.

बियाण्यास लावलेला पारा

शेतकरी बंधूंना पाऱ्याची ओळख आणखी एका मार्गाने झालेली आहे. बियाण्यावरील व बेण्यावरील बुरशीचा नाश करण्यासाठी पाऱ्याची औषधे पूर्वी सर्रास वापरली जात. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये मिथिल पारा लावलेला गहू पेरणीसाठी वाटण्यात आला होता. अनेक कुटुंबांनी तो दळून त्याच्या भाकरी खाल्ल्या. धोक्याची सूचना म्हणून दाण्यांना लाल रंग दिला होता. लोकांनी रंग धुऊन काढला, पण विष निघाले नाही. ६,५३० व्यक्तींना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी ४५९ मरण पावल्या.

आपल्या देशात पाऱ्याची बहुतेक कृषी औषधे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. बटाटा व ऊस यांच्या बेण्यासाठी मागे राहिलेले मेथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड हे औषधही ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र शासनाने बंद केले. एखाद्याच्या कोठारात असा जुना डबा राहिला असल्यास तो उघडू नये, विहिरीत, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये व शेतात पुरू नये. मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यास कळवावे. डबा नाल्यात टाकला तर त्यातील पारा फिरून माशांवाटे घरात येऊ शकतो.

किती मासा खावा?

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथिल पाऱ्याची साप्ताहिक मर्यादा ठरवून दिली. ती शरीराच्या दर किलो वजनास १.६ मायक्रोग्रॅम अशी आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग होय. ५० किलो वजनाच्या स्त्रीस या हिशेबाने आठवड्यास ८० मायक्रोग्रॅम मिथिल पारा चालू शकतो.

आता तीन प्रकारचे मासे घेऊन पाहावे. ज्या माशात दर किलोस ०.१ मिलिग्रॅम मिथिल पारा आहे, असा मासा तिने आठवड्यात ८०० ग्रॅम खाल्ला तरी मर्यादा ओलांडली जात नाही. ०.५ मिलिग्रॅम असलेला मासा १६० ग्रॅममध्येच मर्यादा गाठतो. १ मिलिग्रॅम असलेला मासा ८० ग्रॅममध्ये, म्हणजे एका जेवणातील एक-दोन तुकड्यांत, मर्यादा गाठतो. मासे खाणे वाईट की चांगले, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणता मासा, केवढा आणि कोठला, यावर ते अवलंबून आहे.

शरीरात गेलेला मिथिल पारा सावकाश का होईना, बाहेर पडतो. मनुष्याच्या शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण ५० ते ७० दिवस लागतात. म्हणून आहारात बदल केल्यास काही महिन्यांत फरक पडतो. गर्भधारणेपूर्वीपासून काळजी घेण्याचे महत्त्वही यावरूनच कळते.

कुटुंबांनी घ्यावयाची काळजी

१. मासे खाणे सोडू नये. मासा प्रथिने, लोह व मेंदूच्या वाढीस उपयुक्त असे स्निग्ध पदार्थ देतो. गरोदर स्त्रीस व लहान मुलास या अन्नाची विशेष गरज असते. निवड बदलावी, अन्न सोडू नये.

२. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच लहान मुलांनी रोहू, कटला यांसारखे तळ्यात वाढविलेले, वर्षभराच्या वयाचे मासे व नदीतील लहान मासे पसंत करावेत. राखतलावांच्या खालच्या भागातील नदीतून पकडलेली मोठी मरळ, शिवडा किंवा शिंगाळा त्यांच्या ताटात वारंवार येऊ देऊ नये.

३. मृगळ हा मासा शिकारी नसला तरी तळाशी चरतो. ज्या पाण्यात राख आलेली आहे तेथील मृगळ, झिंगे व शिंपले टाळणे बरे.

४. राखतलावात, त्याच्या सांडव्याखालील नाल्यात व राख वाहून आलेल्या डोहात मासेमारी करू नये.

५. मत्स्यतळ्याच्या बांधासाठी व भरावासाठी वीजकेंद्राची राख वापरू नये. तळे भरण्यासाठी राखेच्या नाल्याचे पाणी घेऊ नये.

६. एकाच डोहातील मासे सतत न खाता निरनिराळ्या ठिकाणचे व निरनिराळ्या जातींचे मासे आळीपाळीने खावेत.

ग्रामकार्यकर्त्यांचे कार्य

गावात मासे तपासण्याची मागणी झाल्यास किंवा राख वाहून आल्याची घटना घडल्यास ग्रामकार्यकर्त्याने नुसता पाण्याचा नमुना पाठवून थांबू नये. माशांचा नमुना पुढील पद्धतीने घ्यावा. एकाच जातीचे, शक्य तर मरळ व रोहू अशा दोन जातींचे, प्रत्येकी पाच ते दहा मासे घ्यावेत. प्रत्येकाची लांबी व वजन मोजून लिहावे. रोहूच्या खवल्यावरील वलयांवरून वयाचा अंदाज येतो. म्हणून काही खवले कागदात जपून ठेवावेत. मासे स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून बर्फात ठेवावेत. पिशवीवर जागा, तारीख व मासा कोठल्या पाण्यातील आहे ते लिहावे. तपासणी मांसातील एकूण पाऱ्याची मागावी.

नमुना एकाच जागेचा असू नये. कोलार मिळण्यापूर्वीचे कन्हानचे पाणी, संगमाच्या खालचे पाणी आणि गावचा तलाव अशा तीन ठिकाणचे, सारख्या आकाराचे मासे घेतले तरच तुलना होऊ शकते. वरच्या भागातील मोठा मासा व खालच्या भागातील लहान मासा यांची तुलना केल्यास निष्कर्ष उलटा निघेल.

अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडे ग्रामपंचायतीच्या किंवा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठरावासह करावा. मत्स्यशेतीविषयी सल्ल्यासाठी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे तेलंखेडी, नागपूर येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालय जवळ आहे. पर्यावरण अभियांत्रिकीचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, नीरी, ही १९५८ पासून नागपुरातच कार्य करीत आहे. म्हणजे या विषयाचे ज्ञान जिल्ह्यात उपलब्ध आहे. गावाकडून व्यवस्थित नोंदी व नमुने पोचणे अवश्य आहे.

माणसाच्या शरीरातील पारा पाहावयाचा असल्यास केसांची तपासणी उपयोगी पडते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या त्या महिन्यातील पाऱ्याची खूण त्यात राहते. ही तपासणी मात्र आरोग्य खात्याच्या सल्ल्यानेच करावी.

अफवांना आळा घालणे हेही ग्रामकार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. “कन्हानचे मासे विषारी” अशी सरसकट हाकाटी झाल्यास मच्छीमाराचा माल पडून राहतो आणि ज्या तलावातील मासा अगदी निर्धोक आहे त्याचाही भाव जातो. उलट, तपासणीचा अहवाल दडपून ठेवल्यास त्याच मच्छीमाराच्या घरातील बाळास अपाय होतो. जात, आकार व जागा यांसह खरी माहिती चावडीवर लावणे हाच दोन्ही हानी टाळण्याचा मार्ग होय.

कोळशाच्या धुरातील व राखेतील पारा रोखणे हे वीजकेंद्रांचे व शासनाचे काम आहे, आणि ते नियमांप्रमाणे होते की नाही यावर गावांनी लक्ष ठेवले पाहिजे. राखतलावाच्या बांधास भेग दिसली, नाल्याचे पाणी करडे झाले, मासे तरंगू लागले, तर तारीख व वेळ यांसह लेखी नोंद करून ती त्याच दिवशी तहसील कार्यालयास व प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावी. पारा एकदा गाळात बसला म्हणजे तो काढण्यास पिढी खर्ची पडते. तो बसू न देणे हाच स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.